इतर

तहसीलच्या मागच्या अंगाला, झेरॉक्सच्या शेजारी
माझी खुर्ची. तिचा एक पाय विटेवर.
समोरच्या भिंतीवर सेलोटेपनं चिकटवलेला तक्ता:
कुटुंब तीन, मर्यादा इतकी.
कुटुंब चार, मर्यादा इतकी.
कुटुंब पाच...
पाचच्या आकड्यावर पालीनं घाण केली आहे,
तरी लोक बोट तिथंच ठेवून विचारतात,
"आमचं बसते का जी यात?"

बसते. नाही बसत.
दिवसभर मी एवढंच सांगतो
आर्वीच्या शेवटच्या गाडीतल्या कंडक्टरसारखा.

बेबीनंदा ताकसांडे. शाळेत खिचडी शिजवते.
मानधन दहा महिन्यांचं.
नवऱ्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान,
त्याची कमाई विचारली तर म्हणाली,
"रस्त्यावर खिळे पडले तशी."
तलाठ्यानं मात्र पक्का आकडा लिहून दिलेला,
खाली शिक्का, शिक्क्यात अर्धा अंगठा.

मी आकडे टाकले. मग माणसं टाकली:
ती, तो, दोन मुली, सासू.
सासूपाशी मशीन अडलं.
गिरजाबाई ताकसांडे, नोंद रद्द.
"गेली न ते, पोयाच्या आधी.
ग्रामपंचायतीत मीच तर लिहून देल्लं."

पाचाचे चार झाले.
तक्त्यावरची ओळ एक घर वर सरकली
आणि तीनशे चाळीस रुपयांनी
घर श्रीमंत निघालं.

ती रडली नाही, भांडली नाही.
खिचडीवाली ती, माणशी ग्रॅम तिला पाठ.
म्हणाली, "भाऊ, ब्याऐंशी पोरं आली काय
अन् एक्याऐंशी आली काय,
चुलीले लाकूड तेवढंच लागते.
बुढी गेली, तिची अर्धी भाकर गेली.
लाइटचं बिल गेलं का?
तिच्या दवाखान्याचे पैसे तं
आम्ही अजून देऊनच रायलो."

मी तक्त्याकडे पाहिलं.
त्यात चुलीचा रकाना नाही.

"मंग तीनशे चाळीस रुपये
सरकारले वापस करता येते काय?"
रांगेत कोणीतरी हसलं,
लगेच गप्प झालं. त्याचाही नंबर यायचाच होता.

शुक्रवारी ती परत आली. सोबत एक पोरगा,
शाळेचा पांढरा शर्ट,
बोटांवर सोल्यूशन वाळून पापुद्रे धरलेले.
"हा सुमेध. नणंदेचा.
ते वीटभट्टीवर गेली तवा
पावसायापर्यंत ठेवा म्हणे.
सहा पावसाये झाले.
जेवते आमच्यात, झोपते आमच्यात,
कार्डात तेवढा नाई."

त्याचं आधार टाकलं.
पडदा म्हणाला: कुटुंबप्रमुखाशी नातं निवडा.
यादी उघडली. पत्नी, मुलगा, मुलगी,
आई, वडील, सून.
भाचा नव्हता.
वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो.
अगदी तळाशी, पंगत उठताना आलेल्या पोरासारखं
एक नातं उभं होतं: इतर.

पोरानं ते मोठ्यानं वाचलं,
सहावीतल्या फुटू लागलेल्या आवाजात.
"इतर म्हंजे काय, मामी?"

मामीनं त्याची कॉलर सरळ केली.
"म्हंजे पाचवा."

मी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं,
फिरत राहिलं, तालुक्याचं नेट.
तेवढ्यात पोरानं टेबलाखाली वाकून
माझ्या खुर्चीची वीट नीट सरकवून दिली.
कोणी सांगितलं नव्हतं.

अर्ज प्रलंबित. पंधरा दिवसांनी पाहा.

पावतीचे वीस रुपये तिनं
पदराच्या गाठीतून काढून मोजून दिले.
हे वीस त्यांच्या उत्पन्नातून वजा होत नाहीत,
एवढं सांगायचं मात्र
मी राहू दिलं.